ताटाला लावलेलं तूप

वैजयंती बसून चहा पीत नाही. कप हातात घेऊन ती खिडकीपाशी जाते, तिथून ओट्यापाशी, ओट्यापासून दारापर्यंत, आणि चहा संपतो तेव्हा ती घराच्या कुठल्याही कोपऱ्यात असू शकते. तिचा नवरा म्हणतो, "हिला फौजेत घ्यायला हवं होतं. पहारा द्यायला एकटी पुरली असती."

हा नवरा म्हणजे खंडेराव. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी दिल्ली कॅन्टॉन्मेंटमधलं क्वार्टर सोडलं आणि ते गुरुग्रामला आमच्या सोसायटीच्या गेटवर सुपरवायझर म्हणून लागले. दाराची पाटी वाचून त्यांनी एकदा मला विचारलं, "काकू, आपण मराठी का?" मी हो म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन आले. तेव्हापासून सणावाराला, श्राद्धपक्षाला वैजयंती माझ्याकडे स्वयंपाकाला येते. दोघं जवळच चक्करपूरला दोन खोल्यांत राहतात. मुलगी शिवांगी पुण्याला नोकरीला लागली, तशी खंडेरावांना साताऱ्याकडच्या गावाची ओढ लागली. वैजयंतीला गावाचं नाव नको होतं. "तिथं जाऊन काय करू? जावांची उणीदुणी ऐकू?" असं ती मला विचारायची, जसं काही मीच तिला पाठवणार होते.

तिला इथेच राहायचं होतं, आणि त्याला एक कारणही सापडलं होतं.

उद्योग विहारमध्ये अशोक सचदेव नावाच्या माणसाची मसाले आणि कोरडे खाद्यपदार्थ परदेशी पाठवणारी लहानशी कंपनी आहे. वैजयंती तिथे ऑफिसातल्या लोकांचं दुपारचं जेवण बनवायला जायची. एक दिवस अशोकच्या टेबलावर फोन मोठ्या आवाजात लावलेला होता. पलीकडे इस्रायलमधला एक दुकानदार. अशोकचं इंग्रजी पंजाबी वळणाचं, त्याचं हिब्रू वळणाचं. आमसुलं हवीत की चिंच, एवढ्यावरून अर्धा तास गेला. शेवटी तिकडचा माणूस वैतागून स्वतःशीच म्हणाला, "काय डोंबल कळतं ह्यांना! आई, तूच ये आता फोनवर."

वैजयंती हातातला डाव घेऊन तशीच दारात आली आणि मोठ्यानं म्हणाली, "भाऊ, आमसुलंच ना? ओली का सुकी?"

अशोक खुर्चीतून वळून बघायला लागला. मग तो माणूस म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?"

"मी इथं जेवण करते."

"मग तुम्हीच बोला. त्या साहेबाला म्हणावं, तू जेव."

हे एझ्रा आवासकर. अलिबागजवळच्या आवास गावचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आई-वडिलांबरोबर आठ वर्षांचे असताना तिकडे गेले. वाळवंटातल्या दिमोना नावाच्या गावात त्यांचं किराणा मालाचं दुकान आहे, आणि त्या गावात कोकणातून गेलेल्यांची इतकी घरं आहेत की दुकानात हिब्रूइतकंच मराठी चालतं. आईशी ते आजही मराठीच बोलतात.

त्या दिवसानंतर अशोकनं वैजयंतीला फोनवर बसवलं. आमसुलं गेली, मग कुरडया, मग गोडा मसाला. एझ्राभाऊंनी अश्दोदच्या मेव्हण्याला सांगितलं, त्यानं लोदच्या एका दुकानाला. सगळे मराठी बोलणारे, सगळे वैजयंतीलाच मागायचे. अशोक मला एकदा भेटला तेव्हा हसत म्हणाला, "आंटीजी, कनाडा में मेरा माल पंजाबी उठाते हैं, ये तो पता था. इजराइल में मराठी निकलेंगे, ये किसने सोचा था!" त्याचं म्हणणं खरं होतं. माणूस देश बदलतो तेव्हा पेटीत कपडे थोडे नेतो आणि जिभेची सवय सगळी नेतो. मागणी तिथेच होती, वर्षानुवर्षं. ती ऐकणारं कोणी इकडे नव्हतं.

एझ्राभाऊ वैजयंतीची थट्टाही करायचे. ती बोलताना "बिल्कुल", "अच्छा", "चलो" म्हणाली की ते विचारायचे, "वैजयंतीबाई, तुम्ही सातारच्या की सदर बाजारच्या? मी साठ वर्षं परमुलखात राहून शुद्ध बोलतो, आणि तुम्ही आपल्याच देशात राहून बाटलात." ती हसून म्हणायची, "तुम्ही आईच्या पदराखाली राहिलात भाऊ, मी भाजीवाल्यापुढे उभी राहिले."

मग हलव्याची गोष्ट निघाली. त्यांच्या नव्या वर्षाला, रोश हशानाला, गव्हाच्या चिकाचा हलवा लागतो. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, तो नारळाच्या दुधात साखर घालून घोटायचा, ताटात ओतून वड्या पाडायच्या. तिकडच्या तरुण सुनांना आता एवढा वेळ नाही. "तयार वड्या पाठवाल का?" असं एझ्राभाऊंनी विचारलं. अशोकनं ऑफिसमागची एक खोली स्वयंपाकासाठी घेतली. यंदाचा माल खपला, तर ते स्वयंपाकघर वैजयंतीनं चालवायचं, हाताखाली दोन बायका, नाव तिचं, असं त्यानं तिला सांगितलं. खंडेराव म्हणाले, "ठीक आहे. एवढा सीझन बघू. जमलं तर राहू, नाहीतर दिवाळीनंतर सामान बांधायचं."

त्या लोकांचे खाण्याचे नियम कडक असतात. मटणाबरोबर दुधाचा थेंब चालत नाही, म्हणून तर हलव्याला नारळाचं दूध. मुंबईहून त्यांचा तपासनीस आला, नवी भांडी बघितली, साखर, गहू, नारळ, सगळं बघितलं, त्याच्यासमोर एक घाणा झाला आणि तो शिक्का देऊन गेला. मग मोठी ऑर्डर बनली, विमानानं गेली, दिमोनाला पोचलीसुद्धा. एझ्राभाऊंचा फोन आला, "माल सुरेख. दुकानात लावतोय."

त्या आठवड्यात आमच्याकडे पितृपक्ष संपत आला होता. आमच्या ह्यांची तिथी शुक्रवारी होती. सर्वपित्री रविवारी, आणि त्याच रविवारी संध्याकाळी त्यांचं नवं वर्ष लागायचं होतं. शुक्रवारी गुरुग्राममध्ये असा पाऊस पडला की ऑफिसं बंद ठेवायला सांगितली, रस्त्यांवर गाड्या तरंगायच्या बाकी होत्या. वैजयंती गुडघाभर पाण्यातून चालत आली. पदराखाली हलव्याचा एक डबा होता. "काकांच्या पानात ठेवा," म्हणाली. "माझ्या हाताखालचा पहिला माल आहे."

ती स्वयंपाकाला लागली. ह्यांना नारळाच्या वड्या आवडायच्या, म्हणून त्याही करायच्या होत्या. मी जेवणाच्या टेबलाशी बसून चष्मा लावून डब्यावरचं इंग्रजी वाचत होते.

"काय लिहिलंय हो, काकू?" तिनं विचारलं. "मला कोणी नीट वाचूनच दाखवलं नाही."

"कंपनीचं नाव आहे. जिन्नस आहेत. आणि हा शब्द, पार्वे. म्हणजे ह्यात मांसाचा किंवा दुधातुपाचा अंशही नाही. कशाहीबरोबर खायला चालेल."

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला. मी मान वळवून बघितलं. ओट्यावर ताट होतं, तिची बोटं तुपात होती, आणि वड्यांसाठी ताटाला तूप लावता लावता ती थांबली होती. माझ्या घरात तिला थांबलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"काकू," ती म्हणाली, "मी ताटांना तूप लावलं."

"मग? वड्या चिकटतील नाहीतर."

"आत्ताच्या नाही. त्यांच्या."

तपासनीस आला त्या दिवशी अशोकनं खोबरेल तेल दिलं होतं. नंतर वड्या ताटाला धरायला लागल्या, तेव्हा ती घरून साजूक तुपाची बरणी घेऊन गेली आणि प्रत्येक ताटाला हात फिरवला. एझ्राभाऊंनी कृती सांगितली होती, ती अक्षरशः तशीच केली होती. त्यांनी "ताटात ओता" म्हटलं होतं. ताटाला काय लावायचं, हे त्यांनी सांगितलं नाही, हिनं विचारलं नाही. आपल्याकडे बाई ते विचारत नाही. तूप लावणं ही कृती नव्हेच, ते ताट मांडण्यासारखं. पलीकडचा माणूस चिनी किंवा जर्मन असता, तर वैजयंतीनं चार वेळा खात्री केली असती. पण तो "आमसुलं" म्हणत होता, "पुरे झालं बाई" म्हणत होता, तेव्हा त्याच्या घरातली ताटंही आपल्यासारखीच असणार, असं ती धरून चालली.

तिनं तशाच तुपट हातानं अशोकला फोन लावला. अशोक घरी अडकला होता. सगळं ऐकून म्हणाला, "वैजयंतीजी, थाली पे उंगली भर घी! उसको कौन गिनता है? लॅब में भी नहीं आएगा."

"पर उनका धरम का मामला है, साहब."

"धरम का मामला है इसीलिए चुप रहो. बोलोगी तो माल वापस, सर्टिफिकेट कॅन्सल, किचन बंद. मंडे को आराम से बात करते हैं."

"मंडे तक तो खा लेंगे!"

"तो खाने दो ना. त्योहार है."

तिनं स्वयंपाक पुरा केला, पान वाढलं, पण स्वतः जेवली नाही. दुपारपासून रात्रीपर्यंत ती माझ्या घरात फिरत होती. दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवला. मी काही बोलले नाही. सांगणं सोपं होतं, कारण त्यात माझं काही जाणार नव्हतं.

रात्री नऊनंतर आम्ही खाली उतरलो तेव्हा खंडेराव गेटवर पाण्याच्या पंपाशी खटपट करत होते. तिनं त्यांना तिथेच, उभ्या उभ्या सांगितलं.

"मग सांग त्यांना," खंडेराव म्हणाले.

"तुम्हाला काय जातंय म्हणायला! ऑर्डर गेली की तुमचं गाव पक्कं."

खंडेरावांनी हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे मी गावासाठी सांगतोय?"

"मग कशासाठी?"

"आमच्या पलटणीच्या लंगरमध्ये खानसाहेबांच्या हलाल मटणाचं भांडं वेगळं असायचं. कोणी बघायला नव्हतं, तरी वेगळंच. बस, एवढ्यासाठी." आणि ते परत पंपाकडे वळले. जाता जाता म्हणाले, "नाही सांगायचं तर नको सांगूस. मला दोष देऊ नकोस म्हणजे झालं."

ती लॉबीत आली आणि तिनं नंबर लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. परत तेच.

"उचलत का नाहीत?" ती म्हणाली. "त्यांचा तो सुट्टीचा शब्बाथ तर शनिवारी ना? उद्या फोन बंद असतो, आज नाही."

आम्हाला शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं की त्या लोकांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. मी तिला सांगितलं. शुक्रवारचा सूर्य मावळला की त्यांचा शनिवार लागतो, आणि तिकडे तो आत्ताच मावळला होता. आता उद्या रात्री तारे दिसेपर्यंत ते फोनला हात लावणार नाहीत.

"म्हणजे दुपारी लावला असता तर लागला असता?"

"हो."

ती भिंतीला टेकली. मग फोन तोंडाजवळ धरून निरोप बोलून ठेवला. "एझ्राभाऊ, हलवा कुणाला देऊ नका. दिलाय तो परत घ्या. ताटांना तूप लावलंय. साजूक. मीच लावलं. दुसऱ्या कुणी नाही."

चक्करपूरच्या त्यांच्या गल्लीत पाणी शिरलं होतं, म्हणून मी तिला माझ्याकडेच ठेवून घेतलं. शनिवारी सकाळी ती उठली ती फोन बघतच. निरोपापुढे एकच खूण होती, म्हणजे तो अजून पोचलाच नव्हता. मला सरोजिनी नगरला शिंप्याकडे जायचं होतं, ती म्हणाली, "मी पण येते, इथं बसले तर वेड लागेल." मेट्रोत ती दारापाशी उभी राहिली. बाजारात भुरभुर पाऊस होता आणि तरी गर्दी तेवढीच. एका गाड्यावर कुर्ते विकणारा ओरडत होता, ती त्याच्यासमोर थांबली, कुर्ता हातात घेतला, आणि त्याला विचारलं, "भैया, इजराइल में अभी कितने बजे होंगे?"

तो म्हणाला, "मॅडम, दो सौ का है, लेना है तो लो."

परतीच्या वाटेवर तिनं मला विचारलं, "काकू, बोटभर तुपानं काय होतं हो त्यांना?" मी म्हटलं, "तुझ्या सासूच्या उपासाच्या खिचडीत कोणी मटणाचा चमचा फिरवला असता तर?" ती म्हणाली, "अगं बाई!" आणि परत फोन काढून बघितला.

त्या रात्री फोन आला तेव्हा आम्ही नुकत्याच जेवून उठलो होतो. तिनं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, एकटीनं ऐकायचं तिला धैर्य नव्हतं.

"वैजयंतीबाई, कोणतं तूप?" एझ्राभाऊंनी नमस्कारही केला नाही.

"गाईचं."

"किती?"

"हात फिरवला, भाऊ. बोटभर."

"बोटभर असो की बुधलाभर. सगळ्या ताटांना?"

"सगळ्या."

पलीकडे कोणाशी तरी हिब्रूत भराभरा बोलणं झालं. मग ते परत मराठीत आले, आणि आवाज चढला. "तुम्हाला कळतंय का, मी काय केलं? काल दुपारी माझ्या हातानं डबे विकलेत. लोक म्हणाले, एझ्रा, तुझा माल म्हणजे बघायला नको. आणि माझी आई! नव्वदीची बाई. आज जेवणात मटण होतं, त्यावर तिनं दोन वड्या खाल्ल्या. काय म्हणाली माहीत आहे? यंदाचा हलवा तुझ्या बायकोपेक्षा बरा झालाय. होणारच बरा! तूप चोपडलंत!"

वैजयंतीच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच बाहेर पडलं. तिनं पदर तोंडावर धरला.

"हसताय?"

"नाही हो, भाऊ."

"हसा. आई पण हसली, मग रडली." मग त्यांनी विचारलं, "मला इतकंच सांगा. तुम्ही विचारलं का नाही?"

"वाटलं नाही विचारावंसं. आपल्याकडे लावतातच."

"आपल्याकडे!" ते म्हणाले. "आमच्या आईनं उभ्या जन्मात त्या ताटाला खोबरेलच लावलं. मला वाटलं, आपल्याकडे खोबरेलच लावतात. म्हणून मीही बोललो नाही."

वैजयंती टेबलाभोवती एक फेरी मारून परत फोनपाशी आली. शेवटी ते म्हणाले, "उद्या संध्याकाळच्या आत मला घराघरात जायचंय. ठेवतो." आणि फोन बंद झाला.

सोमवारी घटस्थापना होती. अशोकनं तिला बोलावून घेतलं. शिक्का रद्द झाला होता, माल दुकानातून उचलला होता, मागच्या खोलीची किल्ली त्यानं परत मागितली. "आपने मेरी नहीं सुनी," एवढंच तो म्हणाला, आणि तिला ऑफिसच्या जेवणावरून मात्र काढलं नाही. पण फोनवर आता दुसराच कोणी बसला. इंग्रजीत बोलणारा. एझ्राभाऊंचा फोन आला नाही. अश्दोदच्या मेव्हण्याचाही नाही.

दिवाळी झाली. खंडेरावांनी निजामुद्दीनहून साताऱ्याची तिकिटं काढली आणि सोसायटीला नोटीस दिली. वैजयंतीनं वाद घातला नाही, ते मला जास्त लागलं. मी निरोप घ्यायला चक्करपूरला गेले तेव्हा भांडी पोत्यात भरलेली होती, आणि ती त्या दोन खोल्यांत पोत्यांच्या मधून वाट काढत फिरत होती. खंडेराव खाटेवर बसून ट्रंकेला कुलूप लावत होते.

फोन वाजला. तिनं नाव बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी तो परत तिच्या हातात दिला.

"वैजयंतीबाई, तुमच्या साहेबानं कोण माणूस बसवलाय?" एझ्राभाऊ विचारत होते. "मी म्हटलं पोहे, तर तो मला कॉर्नफ्लेक्सचे भाव सांगतोय."

ती फोनचा आवाज मोठा करून खिडकीपाशी गेली.

"ऐकताय का? नातीचं लग्न ठरलंय. मलिदा करायचाय, पोह्यांचा, आमच्या एलियाहू हन्नाबीच्या नावानं. पातळ पोहे हवेत, भरपूर. दुकानालाही हवेत. शिजवलेलं काही पाठवू नका. तुमच्या हातचं शिजवलेलं मला जन्मात नको. पोहे पाठवा. पोह्यांत तुम्ही काय घालणार?"

वैजयंतीनं खिडकीची कड धरली. "भाऊ, पोहे कांडतात तिथं आधी काय कांडलेलं चालतं?"

"म्हणजे?"

"त्याच यंत्रात दुसरं काही कांडलं असेल तर? आणि पोती नवीच लागतील का? धुतलेली चालतील? मजूर दुपारी तिथंच बसून जेवतात, त्यांच्या डब्यात काय असतं मला ठाऊक नाही, त्यांना बाहेर बसवू का?"

"अहो बाई, पोहे आहेत ते!"

"हलवा पण हलवाच होता, भाऊ. सांगा."

पलीकडून मोठा उसासा ऐकू आला. "विचारतो आमच्या धर्मगुरूंना, रब्बींना. मी लिहून घेतो... थांबा, एकेक विचारा."

खंडेरावांनी ट्रंकेवरून मान वर केली. "अगं, परवाच्या तिकिटांचं काय?"

तिनं त्यांच्याकडे न बघताच हात वर करून त्यांना गप्प केलं, भांड्यांचं एक पोतं पायानं बाजूला सारलं आणि एझ्राभाऊंना विचारलं, "आणि चाळण्यांना गिरणीवाले कुठलं तेल लावतात, ते मी आज जाऊन बघून येऊ का?"